कामातून जोडलेली माणसं : तुमचे अनुभव लिहा

नात्यातला एक मुलगा डिप्लोमा करून चाकणला एका कारखान्यात लागलाय. शेवटच्या वर्षी कॉलेजात त्यांना 'नेटवर्किंग' या विषयावर व्याख्यान झालं होतं. लिंक्डइनवर स्वतःबद्दल काय लिहायचं, मोठ्या पदावरच्या माणसांना विनंती कशी पाठवायची, ती स्वीकारली की आभार कसे मानायचे, सगळं शिकवलं होतं. त्यानं ते मनापासून केलंही. पण शेजारच्या मशीनवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काकांशी मात्र त्याचं 'जेवलात का' यापुढे बोलणं गेलेलं नाही. "मावशी, त्यांच्याशी बोलू तरी काय?" असं तो विचारत होता. उत्तर देता देता मला वाटलं, हे मी एकटीनं सांगण्यापेक्षा वेगवेगळ्या कामांतल्या माणसांनी सांगावं.

माझ्यापासून सुरुवात करते. मी औषधांच्या कंपनीत गुणवत्ता नियंत्रणात आहे. गोळ्यांचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतात, आम्ही तपासून निकाल देतो. उत्पादन विभागाचं आणि आमचं बहुतेक ठिकाणी विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांना माल लवकर बाहेर काढायचा असतो आणि आम्ही अडवून धरतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका बॅचच्या गोळ्या विरघळायला फार वेळ घेत होत्या. उत्पादनाच्या सुपरवायझरांनी फोनवर वाद न घालता मला खाली बोलावलं. गाउन, टोपी, बुटांवरची कव्हरं चढवून मी पहिल्यांदाच ग्रॅन्युलेशनच्या, म्हणजे पावडर ओली करून तिचे दाणे करतात त्या खोलीत उभी राहिले. पुढच्या बॅचचं मिश्रण चालू होतं. मिक्सर थांबवून त्यांनी हातमोज्यातल्या मुठीत ओला लगदा दाबला, मूठ उघडली आणि तो गोळा दोन बोटांनी मोडला. भुगा झाला तर पाणी कमी, बोटांना चिकटला तर जास्त, मधोमध स्वच्छ मोडला तर बरोबर. आधीच्या बॅचला पाणी जास्त झालं होतं, दाणे घट्ट झाले होते, म्हणून गोळी विरघळत नव्हती. "मॅडम, तुमच्या कागदावर येणारा आकडा इथं ठरतो," एवढंच म्हणाले.

त्यानंतर निकाल वेडावाकडा आला की मी आधी खाली जाऊन बघू लागले. पावसाळ्यात नमुना पाठवताना त्या दिवशी खोलीत ओलावा किती होता हे ते स्वतःहून चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. पुढे दोघांनीही कंपन्या बदलल्या. ते आता निवृत्त आहेत. कुठलं औषध, कुठली कंपनी हे न सांगता मी अजूनही त्यांना फोन करते आणि ते तितक्याच आस्थेनं ऐकतात.

वशिल्याचे किस्से नकोत. कोणाजवळ उभं राहून काम समजलं, ते नातं पुढे कशामुळे टिकलं आणि त्यानं तुमच्यात काय बदललं ते लिहा. कंपनीचं, माणसाचं नाव टाळा. तपशील मात्र टाळू नका.

टर्नर, आता स्वतःचं वर्कशॉप, भोसरी

१९८४ साली आयटीआय करून मी अप्रेंटिस लागलो. टूलरूममध्ये ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळे मामा म्हणत, साहेबसुद्धा. मामा बोलायचे कमी. सुरुवातीला त्यांनी मला एकच काम दिलं, लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) बरोबर मधोमध, सेंटरला घ्यायचा. तीन जबड्यांचा चक आपोआप सेंटर धरतो. चार जबड्यांचा धरत नाही, प्रत्येक जबडा वेगळा फिरवावा लागतो. काट्याचा डायल लावायचा, चक हातानं हळू फिरवायचा, काटा सगळ्यात जास्त कुठं जातो आणि सगळ्यात कमी कुठं ते बघायचं, आणि त्या फरकाच्या निम्म्यानं समोरासमोरचे जबडे सरकवायचे, एक सैल करायचा, दुसरा आवळायचा. नवीन पोरगा पूर्ण फरकानं सरकवतो, मग काटा उलट्या बाजूला पळतो. मामा मागून म्हणायचे, "निम्मं, बाळा, निम्मं."

दुसरी गोष्ट शिकवली ती आवाजाची. मी लेथवर कट घेत असलो की मामा पाठमोरे आपलं काम करत असायचे आणि तिकडूनच सांगायचे, "टूल बसलं, काढ आता." धार गेली की आवाज कसा जाडा होतो, हे मला कळायला बराच काळ गेला. पण एकदा कळलं ते कळलं. आज माझ्या वर्कशॉपमध्ये फोनवर बोलत असतानाही मला कोणत्या मशीनवरचा इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेलाय ते समजतं.

मला सांगायचंय ते यापुढचं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन आलं. कंपनीनं आम्हा तरुणांना प्रशिक्षणाला पाठवलं. मामा पन्नाशी ओलांडलेले, त्यांचं नाव यादीत नव्हतं. एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मामा माझ्या मशीनजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू मला शिकव." मला क्षणभर काय बोलावं सुचेना. ज्या माणसासमोर मी मान वर करून बोललो नव्हतो, तो माझ्या पोरवयाचा विचार न करता वही-पेन घेऊन उभा. त्यांनी ती वही मराठीत लिहिली. 'जी ००, पळव. जी ०१, काप. जी ०२, घड्याळासारखं वळव. जी ०३, उलटं वळव.' मी प्रशिक्षणाची इंग्रजी पुस्तिका पाठ केली होती, पण मला ती खऱ्या अर्थानं कळली मामांच्या वहीतून. आणि इन्सर्ट वारंवार तुटायला लागले तेव्हा प्रोग्राममध्ये चूक शोधणाऱ्या आम्हा पोरांना मामांनीच चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, हातात धरून दाखवली. निळी पडलेली, तुटक. माल वेगळा आलाय म्हणाले, स्टोअरला जाऊन विचारा. खरंच वेगळ्या लॉटचं स्टील होतं.

पुढं मी नोकरी सोडून भोसरीत एक जुनं मशीन घेऊन बसलो. पहिलं काम मिळालं ते मामांच्या एका फोनवर. त्यांनी पर्चेसमधल्या माणसाला सांगितलं होतं, "याचं काम मी डोळ्यांनी बघितलंय." भाव कमी करा, सांभाळून घ्या असलं काही नाही. त्या माणसानं मला एक नमुना जॉब दिला, तो मापात बसला आणि मग ऑर्डर आली.

माझ्याकडे आता मुलीही सीएनसी चालवतात. त्यांनाही मी आधी जुन्या लेथवर चार जबड्यांच्या चकशी उभं करतो. त्यांतली एक जण मला मोबाइलवर डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकवतेय. मामांनी वही आणली होती तशी मीही वही घेऊन बसतो.

जिल्हा परिषद शिक्षिका, सोलापूर जिल्हा

वरचं वाचून हेवा वाटला. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक, त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा कारभार. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, केंद्राच्या बैठका. आपलं शिकवणं बघायला किंवा दुसऱ्याचं बघायला माणूसच नसतो. महिन्याची शिक्षण परिषद असते, पण आमच्याकडे तिच्यातला बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात जायचा.

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्य सरकारच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय २२ जून २०१५ चा. त्याच्या आगेमागे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा एक विभाग) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. आम्हीही काही जण वर्गणी काढून गाडी करून गेलो. वर्गात फरशीवर आखलेली तळफळे, म्हणजे मुलांनी लिहायचे जमिनीवरचे फळे, मुलं गटागटानं बसलेली. एक चिमुरडी चौतीस आणि अठ्ठावीसची बेरीज काड्यांनी करत होती. गठ्ठे एका बाजूला, सुट्या काड्या दुसऱ्या बाजूला. सुट्या बारा झाल्या. तिनं त्यातल्या दहा मोजल्या, रबर लावलं आणि नवा गठ्ठा गठ्ठ्यांच्या रांगेत सरकवला. 'हातचा एक' म्हणजे काय हे मी इतकी वर्षं फळ्यावर ओरडून सांगत आले होते, ते ती पोर न बोलता करत होती.

पाहणाऱ्यांच्या गर्दीत माझ्यासारखीच एक शिक्षिका होती, दुसऱ्या जिल्ह्यातली. आम्ही दोघी त्या मुलीजवळून हलेचना. नंबर घेतले आणि ठरवलं, रविवारी संध्याकाळी फोन करायचा, पण घरचं नाही, वर्गातलं बोलायचं. तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "ताई, तो कुठं अडतो ते सांगा. 'वाचता येत नाही' असं नका सांगू." मग मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाजवळ बसायची. कळायचं की अक्षरं सगळी येतात, जोडाक्षरंही येतात, पण वेलांटी पहिली की दुसरी बघत नाही आणि अंदाजानं शब्द म्हणतो. एवढं कळलं की पुढचा रस्ता सोपा.

२०१८ च्या ऑनलाइन बदल्यांत दोघींच्याही शाळा बदलल्या. नवीन गाव, नवीन पालक, सगळं परत पहिल्यापासून. फोन मात्र चालू राहिला. आता केंद्रात नमुना पाठ घ्यायला मला बोलावतात. चारचौघांत बोलायला घाबरणारी मी, तीस शिक्षकांसमोर पाठ घेते आणि शेवटी त्यांना विचारते, कुठं कमी पडलं ते सांगा. खरंच सांगतात, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

वकील, तालुका कोर्ट, मराठवाडा

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कारण प्रत्येक ज्येष्ठ माणूस मामांसारखा नसतो आणि नवीन मुलींना हे कोणीतरी सांगायला हवं.

वकिलीत ज्युनिअरला सुरुवातीला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, मिळाला तर जाण्यायेण्याचा खर्च निघेल इतका. मी ज्या ऑफिसात होते तिथं सकाळी पक्षकारांना तारखा कळवायच्या, दुपारी मुदतीचे अर्ज द्यायचे, संध्याकाळी फायली लावायच्या. वर्षं गेली, पण एकही उलटतपास मला घेऊ दिला नाही. मुलगी आहे, लग्न होऊन जाईल, असं माझ्यासमोर म्हटलं जायचं. त्या ऑफिसचे मी ऋण मानत नाही. ते सोडलं, त्याचा आनंदच आहे.

मला काम शिकवलं कोर्टातल्या एका शिरस्तेदारांनी, म्हणजे कार्यालयातल्या वरिष्ठ कारकुनांनी. निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी मला एक साधी गोष्ट सांगितली, "बाई, निकाल सगळेच वाचतात. तुम्ही रोजनामा वाचत जा." रोजनामा म्हणजे दाव्यात प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद. निकाली निघालेल्या जुन्या दाव्यांचे रोजनामे मी रीतसर अर्ज करून पाहू लागले. एखादा वाटपाचा दावा वर्षानुवर्षं का रखडला हे त्यात पानोपानी दिसतं. समन्स बजावलं गेलं नाही, पत्ता अपुरा. कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला मुदत, परत मुदत. मग एक प्रतिवादी मयत, आणि नव्वद दिवसांत वारस लावायचा अर्ज कोणी दिलाच नाही, म्हणून त्याच्यापुरता दावा संपुष्टात आला आणि तो पुन्हा उभा करण्यात दोन वर्षं गेली. कायद्याच्या पुस्तकात हे सगळं असतं, पण रोजनाम्यात ते घडताना दिसतं. माझा पक्षकार पहिल्यांदा येतो तेव्हा आजही मी कुटुंबातल्या सगळ्यात म्हाताऱ्या प्रतिवादीची तब्येत विचारते. लोकांना नवल वाटतं.

आणि बरोबरीच्या मैत्रिणी. बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, आम्हा तिघींना मिळून एक टेबल होतं. संध्याकाळी कोर्ट उठल्यावर एकीनं साक्षीदार व्हायचं, दुसरीनं उलटतपास घ्यायचा, तिसरीनं हरकती घ्यायच्या. ऑफिसात जे मिळालं नाही ते आम्ही तिथं एकमेकींना दिलं. त्यातली एक आता न्यायाधीश आहे. तिच्यासमोर मी काम चालवत नाही, आणि आम्ही भेटलो तर कामाचा एक शब्द काढत नाही. मुलांच्या शाळा, आईची दुखणी, एवढंच. हे पाळणं मला कधी जड गेलं नाही. तिनं किती कष्टानं ते पद मिळवलंय ते मी पाहिलंय.

धागा काढणारी

वकीलताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तुम्ही तिघी ज्या पद्धतीनं सराव करत होतात ती मी आमच्या प्रयोगशाळेत वापरणार आहे. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा नवीन मुलं घाबरून बोलेनाशी होतात, त्यांच्यासाठी हे चांगलं आहे. पुढचे अनुभव येऊ द्या. पगारी नोकरी नसलेल्यांनीही लिहा.

द्राक्ष बागायतदार, तासगाव

पगारी नोकरी नाही म्हणून लिहितो. आमचे वडील श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारात, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटात होते. आपल्या बागेत जे करून पाहिलं ते दुसऱ्याला उघड सांगायचं, झाकून ठेवायचं नाही, ही वडिलांची सवय तिथली. मी लहानपणापासून बघत आलो की आमच्या बागेत कोणीही येऊन काडी हातात धरून बघत असे आणि वडील त्याला चहा पाजून वर त्याच्या बागेचं विचारून घेत.

ती सवय उपयोगी पडली २०१० साली. त्या वर्षी युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. ज्यांनी निर्यातीवर सगळी मदार ठेवली होती त्यांचं कंबरडं मोडलं. हे काही कीडनाशक नव्हे, वेलीची वाढ रोखायला वापरायचं संजीवक. आमच्या भागात जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. कंपनीनं दुकानदाराकडे, दुकानदारानं शेतकऱ्याकडे. तेव्हा आमच्या गटातले एक जुने बागायतदार, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्यांनी सगळ्यांना आपापल्या फवारणीच्या वह्या घेऊन घरी बोलावलं. पहिली स्वतःची वही मधे ठेवली. तारीख, औषध, प्रमाण, छाटणीपासूनचा दिवस. मग एकेकानं ठेवली. त्या रात्री जेवढं शिकलो तेवढं कुठल्या चर्चासत्रात शिकलो नाही. कोणती फवारणी सवयीनं करतो, कोणती खरोखर गरजेची, हे वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसलं.

अजून एक सांगतो. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या आधी काड्या तपासायला देतात. काडीवरचा डोळा (कोंब) उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड तयार झालाय का, कितव्या डोळ्यावर आहे. त्यावर ठरतं किती डोळे राखून छाटायचं. गटातल्या एका तरुणानं स्वतः सूक्ष्मदर्शक घेतला. वाटलं होतं पैसे आकारेल. त्यानं अट घातली ती वेगळी, "काडी आणून द्यायची नाही, स्वतः बसून बघायची." आमच्या घरच्या बायकाही जाऊन बसल्या. आता आमच्या घरात डोळा वाचण्यात माझ्या वहिनींचा हात कोणी धरत नाही, आणि किती डोळ्यांवर छाटायचं हा शेवटचा शब्द त्यांचा असतो. पूर्वी बागेतल्या निर्णयात त्यांना कोणी विचारत नसे. मला विचाराल तर आमच्या घरातली खरी प्रगती ती आहे.

परिचारिका, आधी मुंबई, आता लंडन

थोडक्यात लिहिते, नाइट ड्युटी आहे. मुंबईत आमच्या आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरांचा नियम होता, हॅण्डओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, काउंटरवर कागद बघून द्यायचा नाही, पेशंटजवळ उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत द्यायचा. कुठली लाइन कुठं, कुठलं औषध कुठल्या पंपावर, पडून राहून जखम झाली नाही ना म्हणून पाठ बघितली का, टाचा बघितल्या का. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. केरळच्या, पंजाबच्या आणि फिलिपीन्सच्या मुलींबरोबर आम्ही घरातल्या पलंगावर उशी ठेवून सराव केला. सगळ्यांना सिस्टरांची पद्धत शिकवली. परीक्षा झाल्यावर त्यातल्या एकीनं मला विचारलं, तुझ्या सिस्टरांना फोन लाव, मला त्यांना थँक यू म्हणायचंय. लावला. सिस्टरना इंग्रजी बोलायला संकोच, आणि हिला मराठी येत नाही. दोघी रडल्या, झालं.

सॉफ्टवेअर, आधी हिंजवडी, आता बे एरिया (कॅलिफोर्निया)

२०२३ च्या कपातीत माझी नोकरी गेली. सकाळी लॉगिन होईना, तेव्हा कळलं. एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी संपल्यावर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलगी चौथीत, घराचं भाडं, आणि आईबाबांना सांगायचं की नाही हा वेगळाच घोर.

ज्यांना निरोप पाठवले त्यात फार मोठ्या पदावरची माणसं होती. कॉन्फरन्समध्ये भेटलेली, कार्ड दिलेली. बऱ्याच जणांनी सहानुभूती दाखवली, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी माझं काम कधी पाहिलंच नव्हतं. फोन आला तो हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या प्रोजेक्टवरच्या टेस्टिंगमधल्या सहकारी मुलीचा. ती आता सिएटलला. मी तिला निरोपही पाठवला नव्हता, कोणाकडून तरी ऐकून तिनं स्वतः केला.

त्या पहिल्या प्रोजेक्टवर डेव्हलपर आणि टेस्टर यांच्यात रोज वाजायचं. 'माझ्या मशीनवर चालतंय' हे आमचं ठरलेलं उत्तर. ही मुलगी मात्र बग (सॉफ्टवेअरमधली चूक) लिहायची तो असा की भांडायला जागाच नसे. आधी काय केलं, कुठल्या डेटावर, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि लॉगमधली नेमकी ओळ. तिच्याकडे बघून मी माझ्या कोडचं हस्तांतराचं टिपण तसंच लिहायला शिकलो. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला तर तिसऱ्याच माणसाला ते वाचून उठवता आला पाहिजे, अशा हिशोबानं. तिनं तिच्या मॅनेजरला माझ्याबद्दल सांगितलं ते हेच. मुलाखतीच्या फेऱ्या सगळ्या द्याव्या लागल्या, त्यात कोणी सूट दिली नाही आणि मला नकोही होती. पण माझा अर्ज माणसानं वाचला, हे तिच्यामुळे झालं.

नोकरी लागल्यावर मी इथल्या मंडळातल्या काही जणांबरोबर एक काम हातात घेतलंय. ज्यांची नोकरी गेलीय त्यांच्याबरोबर बसून त्यांचा बायोडेटा वाचायचा आणि मुलाखतीचा सराव करून घ्यायचा. सगळ्यात आधी त्यांना विचारतो, तुमच्याबरोबर रात्री जागलेली माणसं कोण होती? त्यांची नावं लिहा. आठवणीनं नावं निघतात, आणि ती माणसं बहुधा फोन उचलतात.

नोकरीत नवीन, ठाणे

सगळं वाचतोय. एक विचारायचं होतं. मी दीड वर्षात पहिली कंपनी सोडली. तिथं एका मॅडमकडून खरंच खूप शिकलो. आता त्यांना फोन करावासा वाटतो, पण काही काम काढून फोन केला तर स्वार्थी वाटेल आणि काम नसताना केला तर त्यांचा वेळ जाईल. दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र पाठवतो, त्यावर अंगठा येतो. पुढे काय करू?

बँक अधिकारी, निवृत्त, अमरावती

बेटा, तुला उत्तर देण्यासाठीच लिहायला घेतलं.

मी लागलो तेव्हा आमच्या ग्रामीण शाखेत सगळं हातानं. सहामाही बॅलन्सिंगला सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर एकेका खात्याची बाकी लिहून काढायची, बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य खातेवहीशी जुळली पाहिजे. जुळायची नाही. रात्री कंदील लावून बसायचो, वीज कधी असे, कधी नसे. आमच्या हेडक्लार्क साहेबांनी मला शिकवलं की फरक शोधायला पहिल्या पानापासून सुरुवात करायची नाही, आधी फरकाकडे बघायचं. फरकाला नऊनं भाग जातो? मग बहुधा कुठंतरी आकडे उलटे पडलेत. ५४० चे ४५० झाले तर फरक ९० येतो, ७२ चे २७ झाले तर ४५, सगळ्यांना नऊनं भाग जातो. भाग जात नसेल आणि फरक सम असेल तर त्याचं निम्मं करायचं आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, ती जमेच्या ऐवजी नावे पडलेली असू शकते. पहाटे फरक सापडला की साहेब शाखेबाहेरच्या टपरीवाल्याला उठवून चहा सांगायचे.

त्यांची बदली झाली, माझी झाली. मी काय करायचो सांगतो. बॅलन्सिंगच्या रात्री एखादा विचित्र फरक सापडला की दुसऱ्या दिवशी त्यांना पोस्टकार्ड टाकायचो. फरक अमुक होता, असा सापडला. ते उत्तर द्यायचे, त्यांच्याकडचा एखादा फरक कळवायचे. क्वचित त्यात शेवटी ओळ असायची, परीक्षेचा फॉर्म भरलास का? प्रमोशनच्या परीक्षेला मी बसलो तो त्या एका ओळीच्या तगाद्यामुळे. पुढं कॉम्प्युटर आले, बॅलन्सिंग संपलं, पोस्टकार्डाची जागा फोननं घेतली.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा मी शाखाधिकारी होतो. १० तारखेला शाखा उघडली तर रस्त्यापर्यंत रांग. साहेब तेव्हा निवृत्त, वय झालेलं. सकाळी त्यांचा फोन आला, "पाणी आणि सावलीची सोय आधी कर. म्हाताऱ्या माणसांना वेगळी रांग लाव. आणि तुझ्या कॅशियरला दर दोन तासांनी उठव, नाहीतर मोजणीत चुकेल आणि भरपाई त्याच्या खिशातून जाईल." बाहेर मंडप घातला, पाण्याच्या टाक्या ठेवल्या, कॅशियरला आळीपाळीनं उठवलं. आमच्या शाखेत त्या दिवसांत भांडण झालं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. मॅडमना शुभेच्छांचं चित्र पाठवू नकोस. त्यांनी शिकवलेली एखादी गोष्ट नव्या नोकरीत वापरली असशील, तर ती कुठं वापरली, काय झालं, हे चार ओळींत लिही आणि त्याच्यापुढे एक खरा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर त्यांनाच देता येईल. उत्तर उशिरा आलं तरी चालेल. आणि पुढच्या वेळी त्या कशावर काम करताहेत तेही विचार, कदाचित त्यांना हवं असलेलं काही तुझ्या नव्या ठिकाणी रोजचं असेल.